बदकांसाठी अख्खा दिवस: नांदूर मध्यमेश्वरला कसं बसायचं, काय बघायचं, कसं मोजायचं

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात येणारे बहुतेक जण सकाळी आठला पोचतात आणि साडेदहाला परततात. तेवढ्या वेळात फोटो मिळतात, पण बदकं कळत नाहीत. ती ओळखायची आणि नीट मोजायची असतील तर पहाटेच्या अंधारापासून संध्याकाळच्या अंधारापर्यंत, शक्यतो एकाच जागी बसावं लागतं. चक्रांग, तलवार, थापट्या यांसारखी बरीच बदकं हिवाळ्यात मुख्यतः रात्री चरतात. उथळ पाण्यात, चिखलात, ओलिताच्या शेतांत उतरतात. उजाडताना ती मोकळ्या पाण्यावर परततात, दिवसभर झोपतात, पिसं साफ करतात, मधूनमधून थोडं खातात, आणि अंधार पडताना पुन्हा निघतात. म्हणजे दोन वेळा उडणारी बदकं मोजायची आणि मधल्या वेळात बसलेली. या तिन्ही कामांच्या पद्धती वेगळ्या आहेत.

आज आपल्याकडे बदकाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण पाण्याकाठी बसण्याची जी विद्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवली, ती मोजणाऱ्यालाही तशीच्या तशी लागते. वारा कुठून आहे, उजेड कुठे पडतो, आपली आकृती आभाळावर दिसते का, बदकाची मान कधी ताठ होते, हे सगळं त्यात आलं. पुढे सांगितलेलं सगळं नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या या जागेला धरून आहे, पण भिगवण, जायकवाडी किंवा तुमच्या गावच्या पाझर तलावालाही ते लागू पडेल.

जागा आणि हंगाम

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभरहून अधिक वर्षं जुना दगडी बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणकणसाची दाटी अशी पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झालं. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. ती घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. नाशिकहून साधारण ४० किलोमीटर. चापडगावच्या बाजूने आत गेलं की निरीक्षण मनोरे आहेत, आणि गावातले प्रशिक्षित गाईडही मिळतात. पहिल्यांदा जात असाल तर गाईड जरूर घ्या. काल पाणी कुठवर होतं आणि बदकं कुठल्या बेटामागे बसली होती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्याआधी अडचण अशी की सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेले नर अजून माद्यांसारख्याच तपकिरी पिसांत असतात, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. या काळाला भुवई बदक थोडा अपवाद. ते सगळ्यात आधी येणाऱ्यांपैकी आहे, आणि परतीच्या वाटेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा चांगलं दिसतं.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, कालव्याचं आवर्तन चालू आहे का. रब्बीसाठी पाणी सोडलं की पातळी बदलते, कालचा चिखल आज पाण्याखाली जातो किंवा उलट होतं, आणि चिखलाच्या कडेने चरणारी बदकं जागा बदलतात. दुसरी, यंदा पाऊसमान कसं होतं. चांगल्या पावसाच्या वर्षी आजूबाजूची शेततळी आणि छोटे तलाव भरलेले असतात, पक्षी पांगतात, आणि मुख्य जलाशयावर कमी दिसतात. अशा वर्षी आकडा खाली आला म्हणून लगेच ‘बदकं घटली’ असा निष्कर्ष काढू नका. रविवार शक्यतो टाळा.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२. दहापट मोठं करणारी घ्यायचा मोह होतो, पण पहाटेच्या अंधुक उजेडात ८×४२ मधून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटरचा असतो, तर १०×४२ मधून ४.२ चा. शिवाय तासन्‌तास हातात धरल्यावर दहापटीत हाताची थरथरही जास्त दिसते. मोजणीसाठी मात्र स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) लागतोच: २० ते ६० पट, समोरची काच ६५ किंवा ८० मिलिमीटर, आणि जड ट्रायपॉड. हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो. त्याच्या मधल्या दांड्याला पाण्याची बाटली किंवा पिशवी अडकवली की पुष्कळ फरक पडतो. स्कोप नसेल तर चार जणांत एक आणा, पण त्याशिवाय मोजणीला बसू नका.

हातातला टॅली काउंटर (बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो तो), एका माणसामागे एक. नोंदवहीबरोबर शिसपेन्सिल घ्या. पहाटे दवाने कागद ओलसर होतो आणि शाई पसरते. मनगटावर घड्याळ हवं, कारण दर वेळी मोबाइल काढला की अंधारात डोळे दिपतात आणि पुन्हा स्थिरावायला वेळ जातो.

कपड्यांच्या बाबतीत निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्रातलं सर्वांत कमी तापमान म्हणून हिवाळ्यात ज्या गावाची बातमी येते ते हेच, आणि तुम्ही तर पाण्याच्या काठावर बसणार आहात. थंडी भरली की माणूस हलतो, आणि माणूस हलला की बदकं उडतात. आतून घट्ट, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, म्हणजे ऊन चढेल तसं एकेक काढता येतं. रंग मातकट, खाकी किंवा वाळल्या गवताचा. पांढरी टोपी आणि पांढरे बूट सगळ्यात वाईट. काळाही नको, तो वाळक्या गवतात उठून दिसतो. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घ्या. चेहऱ्यावर सावली पडेल अशी काठाची टोपी हवी, कारण उन्हात चमकणारा चेहरा बदकांना लांबून दिसतो.

बसायला पाठ टेकता येईल असं बुटकं स्टूल. जमिनीवर बसणार असाल तर दुहेरी गोणपाट. माणशी अडीच-तीन लिटर पाणी. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी, गुळाचा खडा. कुरकुरणारी प्लास्टिकची पाकिटं घरीच सोडून, सगळं कापडात बांधून न्या.

अंधारातलं पोचणं

जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. उजेड फुटायला सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी सुरुवात होते, आणि परतणारी बदकं त्याही आधी डोक्यावरून जाऊ लागतात. म्हणून सव्वासहाला जागेवर बसलेले असा. आदल्या दिवशी प्रवेशाची वेळ विचारून ठेवा. इतक्या लवकर आत सोडत नसतील तर हद्दीबाहेरच्या बांधावरून पहाटेची उड्डाणं मोजा आणि फाटक उघडलं की मनोऱ्यावर जा.

दोन धोके लक्षात ठेवा. हा उसाचा पट्टा आहे. गळिताच्या दिवसांत रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात, म्हणून गाडी हळू चालवा. आणि उसात बिबटे आहेत. पहाटे उसाच्या कडेने एकट्याने, वाकून, गुपचूप चालू नका. दोघं-तिघं मिळून, विजेरी लावून, मोठ्याने बोलत चला. गप्प व्हायचं ते काठाजवळ पोचल्यावर. बदकं थोडी बिचकली तरी चालतील.

वारा आणि उजेड

बदकं वाऱ्याला तोंड करून उतरतात, पाण्यावरून उठतानाही वाऱ्याकडेच तोंड करून उठतात, आणि बसलेली असली तरी बहुतेकदा तोंड वाऱ्याकडे असतं. वारा तुमच्या पाठीवर असेल तर उतरणारी बदकं तुमच्याकडे तोंड करून येतात आणि बसलेली छातीकडून दिसतात. वारा बाजूने असेल तर पूर्ण अंग आडवं दिसतं, आणि ओळखायला हेच सर्वांत सोयीचं. वारा तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्याच दिसतील. तेव्हा दुसरा मनोरा निवडा. वारा जोराचा असेल तर थवे आडोशाच्या काठाला, पाणकणसाच्या मागे सरकतात. अशा दिवशी मोकळ्या पाण्यावर शोधत बसू नका.

उजेडाचं गणित दोन भागांत आहे. सूर्य उगवायच्या आधी उजळत्या पूर्वेकडे तोंड करा, कारण उडणारी काळी आकृती फक्त तिथेच स्पष्ट दिसते. सूर्य वर आला की तो पाठीशी घ्या. सूर्यासमोर बघत बसलात तर वारकरी (कूट हा काळा पाणपक्षी) आणि बदक यांतला फरकसुद्धा कळत नाही, आणि वारकऱ्यांचे थवे बदकांत मोजले जाण्याची ही सर्वांत नेहमीची चूक आहे. (वारकरी पोहताना दर झटक्याला मान पुढेमागे करतो, बदक करत नाही. अंधुक उजेडात एवढ्यावरूनही निवाडा होतो.)

जवळ जाताना मान बघा

बांधाच्या माथ्यावर उभे राहू नका. तिथे तुमची पूर्ण आकृती आभाळावर उमटते. बांधाच्या अलीकडून वाकून चला आणि मागे झुडूप किंवा उसाची भिंत राहील अशी जागा धरा. सरळ पाण्याच्या दिशेने चालू नका. तिरकं चला, थांबा, पुन्हा तिरकं चला.

तुम्ही किती जवळ गेलात ते मीटरमध्ये ठरवू नका, बदकांना ठरवू द्या. निवांत थव्यात चोची पाठीच्या पिसांत खुपसलेल्या असतात. कडेला बसलेली बदकं बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवून झोपतात. तुमची पहिली चाहूल त्यांनाच लागते. मग ती चोच बाहेर काढतात. मग मान उंच आणि ताठ होते. मग थवा सावकाश तुमच्यापासून दूर पोहू लागतो आणि दाटीने एकत्र येतो. मग माना झटके मारल्यासारख्या वरखाली होऊ लागतात. झटके दिसले की उड्डाण काही सेकंदांवर आलं. तुम्ही थांबायचं ते माना ताठ झाल्या त्या क्षणी. जागच्या जागी बसा, नजर दुसरीकडे वळवा, पाच-दहा मिनिटं हालचाल करू नका. बहुतेकदा चोची पुन्हा पिसांत जातात. थवा पोहून दूर जाऊ लागला असेल तर मात्र तुम्ही जास्तच जवळ आलेले आहात, थोडं मागे सरका.

टाळ्या वाजवून, खडा टाकून थवा उडवायचा आणि फोटो काढायचा, हे प्रकार इथे आजही दिसतात. दिवसा उडवलेलं बदक झोप गमावतं आणि रात्री मिळवलेली ताकद उगाच खर्च करतं. फेब्रुवारीनंतर त्यांना उत्तरेकडे हजारो किलोमीटर जायचं असतं. कुणी असं करताना दिसलं तर सौम्यपणे पण स्पष्ट सांगा.

ओळख: नराच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करा

पुस्तकांतली चित्रं बदकाचं डोकं दाखवतात, आणि दिवसा समोर असतात झोपलेली बदकं, डोकी पिसांत गेलेली. म्हणून आधी मागची बाजू शिका. नर तलवार: शेपटीखाली काळं, त्याच्या पुढे फिकट पिवळसर डाग, आणि लांब टोकदार शेपूट. नर चक्रांग: अगदी लहान अंग (३४ ते ३८ सेंटिमीटर), शेपटीच्या बाजूला काळ्या किनारीचा पिवळा त्रिकोण, जो उन्हात लांबूनही चमकतो. नर मलिन बदक: सगळं अंग राखी आणि ढुंगण पूर्ण काळं, मध्ये दुसरा रंग नाही. नर तरंग: काळ्या मागच्या भागाच्या पुढे पांढरा डाग. नर थापट्या: कुशीवर विटकरी रंगाचा मोठा पट्टा आणि दोन्ही बाजूंनी पांढरं. एवढे पाच पाठ झाले की झोपलेल्या थव्यातले बहुतेक नर ओळखू येतात.

माद्या अवघड. त्यांच्यासाठी क्रम असा ठेवा: आकार, मग चोच, मग चेहरा, शेवटी पंख. थापट्याची मादी चोचीवरूनच कळते, ती चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला रुंद असते. तलवारीची मादी बारीक लांब मानेची, चोच राखाडी, चेहऱ्यावर काही खुणा नाहीत. मलिन मादीच्या चोचीच्या दोन्ही कडा नारिंगी असतात, आणि कधीकधी बसलेल्या अवस्थेतही पंखात पांढरा छोटा चौकोन डोकावतो. तरंगची मादी गोल डोक्याची, छोट्या निळसर, काळ्या टोकाच्या चोचीची, कुशीवर तांबूस. खरा घोळ चक्रांग आणि भुवई यांच्या माद्यांत होतो. भुवईच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो: डोळ्यातून गडद रेघ, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, गळा पांढुरका. चक्रांगच्या मादीचा चेहरा साधा, पण शेपटीच्या कडेला फिकट रेघ. हे दोन्ही दिसलं नाही तर ‘न ओळखलेलं लहान बदक’ लिहा. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

हळदी-कुंकू बदक इथलंच रहिवासी. काळ्या चोचीचं पिवळं टोक आणि पंखावर बसल्या जागी दिसणारा पांढरा भाग, नर-मादी जवळपास सारखे. चक्रवाक मोठं, नारिंगी, जोडीजोडीने चिखलाच्या काठावर उभं असतं. ते ओळखायला कष्ट पडत नाहीत.

बुडी मारणाऱ्या लालसऱ्या आणि शेंडी बदक पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकलेलं. वरवर चरणाऱ्यांची शेपूट वर उचललेली असते. उडतानाही फरक दिसतो: थापट्या-तलवार पाण्यातून सरळ वर उसळतात, तर लालसऱ्या पाण्यावर पाय आपटत लांब धावून मग उठतात.

मोजणी, सकाळी आठ ते साडेदहा

ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते. साडेदहा-अकरानंतर ६० पटीत सगळं वितळल्यासारखं दिसतं, म्हणून लांबच्या थव्यांची मोजणी त्याआधी संपवा. नंतर २० ते ३० पटीवरच राहा. मनोऱ्यावरून हा त्रास कमी होतो, कारण नजर पाण्याला घासत जात नाही. शिवाय उंचीवरून थवा पसरलेला दिसतो. काठावरून बघताना पुढचं बदक मागच्याला झाकतं आणि आकडा हमखास कमी येतो. मनोऱ्याची अडचण एकच: कुणी चाललं की स्कोप हलतो. मोजणी चालू असताना सगळ्यांनी बसून राहायचं.

सगळ्यात आधी पाण्याचे भाग पाडा. डावीकडचा वाळलेला बाभळीचा खुंट, मधलं बेट, उजवीकडचा विजेचा खांब, अशा न हलणाऱ्या खुणा वहीत साध्या नकाशावर काढा. एक भाग संपला की पुढचा, नेहमी डावीकडून उजवीकडे. दोघं असाल तर एकाने बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, आणि अर्ध्या तासाने बदलायचं. डोळे थकले की माणूस मोठे आकडे गोल करू लागतो.

दीडशेपर्यंतचा थवा एकेक मोजा. त्याहून मोठ्यासाठी गठ्ठ्यांची पद्धत वापरा. आधी दहा बदकं खरोखर मोजा आणि ती किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या. तसे पाच गठ्ठे मिळून पन्नास, आणि पन्नासाचा तो तुकडा पूर्ण थव्यावर सरकवत न्या. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून मधल्या आणि कडेच्या भागासाठी दोन वेगळे तुकडे ठरवा. हे न करता दाट भागाचा तुकडा सगळीकडे वापरला तर आकडा फुगतो. तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे लिहा आणि मधला घ्या. नवख्यांचा आकडा जवळजवळ नेहमी कमी येतो, जास्त क्वचितच.

आता मिश्र थवा. एकूण किती आणि प्रत्येक जात किती, हे एकाच वेळी मोजायला गेलात की दोन्ही बिघडतं. आधी फक्त एकूण मोजा. समजा १२०० आले. मग स्कोप थव्यावर चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी रोखा आणि दिसतील ती बदकं जातीनुसार मोजत २०० पूर्ण करा. त्यात थापट्या ९२, तलवार ५६, चक्रांग ३८, मलिन १४ निघाले, तर सहापट करून ५५२, ३३६, २२८ आणि ८४. नमुने थव्याच्या कडेला, मध्ये आणि चिखलाजवळ असे विखुरलेले हवेत. चक्रांग उथळ कडेला जमतात, त्यामुळे फक्त कडेचा नमुना घेतला तर त्यांची संख्या अवाच्या सव्वा होते. थव्यातले दोन-चार वेगळे पक्षी, एखादी मोठी लालसरी किंवा नकटा बदक, या पटीत धरू नका. ते एकेक मोजून वेगळे लिहा.

लालसऱ्या आणि शेंडी बदकांतली काही दर क्षणी पाण्याखाली असतात. त्यांच्यासाठी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चार-पाच वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा, सरासरी नको.

थवा मध्येच उडाला तर पेन्सिल ठेवू नका. वेळ, अंदाजे संख्या आणि दिशा लिहा. तोच थवा पुढच्या भागात उतरला की तो दोनदा मोजला जाणार नाही. पाणकणसाच्या आत किती बदकं होती हेही अशा वेळीच कळतं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून फेरी मारून गेला की लपलेलं सगळं एकदम बाहेर येतं. दिवसातून अशा दोन-तीन फेऱ्या होतात, आणि त्यांच्यासाठी तयार बसलेला माणूसच पूर्ण आकडा घेऊन परततो.

दुपार

अकरा ते साडेतीन कुणी थांबत नाही, आणि आमच्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त याच वेळेत आहे. जवळचा, शे-दीडशे मीटरवरचा एक छोटा थवा निवडा आणि त्याच्यावरच राहा. तासाभरात प्रत्येक झोपलेलं बदक एकदा तरी चोच बाहेर काढतं, पंख ताणतं, उभं राहून झटकतं. सकाळी ज्या माद्यांपुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, त्यांचा निकाल तेव्हा लागतो. पंख ताणला की मागच्या कडेची चकाकती पट्टी पुरती उघडते: चक्रांगात हिरवी, मलिन बदकात पांढरी. थापट्यांची एक लकबही याच वेळेत नीट बघता येते. पाच-दहा जण गोलाकार फिरत, प्रत्येक जण पुढच्याच्या मागे चोच पाण्यात घालून चाळत जातो. त्या फिरण्याने तळचं अन्न वर येतं.

बाराला जेवून घ्या, पण एका वेळी एकानेच. मानेवर ऊन घेऊ नका.

शेताच्या बांधावरचं लपण

अभयारण्याच्या आत झाडझाडोरा तोडून काहीही उभारायचं नाही. तिथे वनखात्याचे मनोरे आणि लपणं आहेत, तेवढीच वापरा. हद्दीबाहेर, शेततळ्याच्या किंवा पाण्यालगतच्या शेताच्या बांधावर बसायचं असेल तर आदल्या दिवशी मालकाला विचारा. ‘काका, उद्या पहाटे बांधावर बसू का? वाफ्यात पाय ठेवणार नाही,’ एवढं म्हटलं की सहसा नाही म्हणत नाहीत. कांद्याच्या वाफ्यातून खरोखरच चालू नका, आणि मोटारीच्या केबलला, पाइपांना हात लावू नका.

चार बांबू, साडेतीन-चार फूट उंच, माणसाला आत बसता येईल एवढा चौकोन. त्यावर शेडनेट. नुसतं हिरवं शेडनेट उसाच्या वाळक्या रंगात उठून दिसतं, म्हणून त्यावर पाचट बांधा. समोर डोळ्यांच्या उंचीला वीतभर फट ठेवा. सर्वांत जास्त चूक मागच्या बाजूला होते. पाठ उघडी ठेवली तर मागून येणारा उजेड फटीतून दिसतो आणि तुमचं डोकं हललं की फट काळी-पांढरी होते. मागची बाजू आणि वरचा अर्धा भाग नीट झाका. सैल पाचट वाऱ्यात फडफडतं, ते सुतळीने आवळा. शक्य असेल तर लपण दोन दिवस आधी उभं करा. नवी वस्तू दिसली की पहिल्या दिवशी बदकं लांब उतरतात.

बांध नसेल तर रस्त्यालगत थांबलेली गाडी हे उत्तम लपण आहे. इंजिन बंद, खिडकीवर वाळूची पिशवी, आणि कुणीही खाली उतरायचं नाही. गाडीला बदकं सरावलेली असतात, दार उघडून उभ्या राहणाऱ्या माणसाला नाही.

संध्याकाळ

साडेचारपासून थव्यात हालचाल सुरू होते. पोहणं वाढतं, आवाज वाढतात, तरंगच्या नरांच्या शिट्ट्या ऐकू येतात. सूर्य मावळला की पश्चिमेकडे तोंड करा. आता उजेड तिकडेच आहे. एक न हलणारी उभी खूण धरा, विजेचा खांब किंवा उंच झाड, आणि तिला ओलांडणाऱ्यांनाच मोजा. दर दहा मिनिटांनी आकडा लिहून काउंटर शून्यावर आणा. दिशाही लिहा. बदकं रोज कुठल्या शेतांकडे जातात हे त्यातूनच कळतं, आणि दुसऱ्या दिवशी लपण कुठे बांधायचं याचं उत्तरही.

अंधारात जातीऐवजी अंगाचा बांधा लिहा. लांब मान आणि टोकदार शेपूट तलवारीची. पुढे जड चोच, जणू पंख मागे बसवलेत असं दिसणारं थापट्या. लहान, वेगात वळणारे दाट गट चक्रांग किंवा भुवई. शिट्टी वाजवत जाणारी अडई. शेवटची मोजणी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालू ठेवा. आतल्या जागांवरून वनखात्याच्या वेळेत बाहेर पडावं लागतं, म्हणून संध्याकाळची मोजणीही हद्दीबाहेरच्या बांधावरून करणं सोयीचं.

नोंद

दिवसाच्या नोंदीत फक्त पक्षी पुरत नाहीत. सुरुवात आणि शेवटची वेळ, वारा, आभाळ, पाण्याची पातळी, आवर्तन चालू की बंद, जलपर्णी कुठवर पसरली आहे, मासेमारीची जाळी कधी ओढली, किती वेळा थवे उठले आणि कशामुळे, हे लिहा. मेलेलं बदक दिसलं तर हात लावू नका. जागा आणि संख्या वनरक्षकाला कळवा. गळ्यात किंवा पायात कडी असलेला पक्षी दिसला, विशेषतः गळ्यात रंगीत पट्टा असलेला पट्टकादंब हा हंस, तर अक्षरं आणि रंग वाचून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना पहाट, दिवस आणि संध्याकाळ या तीन वेगळ्या याद्या करा. एकत्र केलं की तेच बदक तीनदा मोजलं जातं. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तिच्यात भाग घ्यायचा असेल तर डिसेंबरमध्येच एक दिवस सरावाला द्या. आणि पुढच्या वेळी त्याच मनोऱ्यावरून, त्याच तासांत, त्याच खुणांच्या हद्दीत मोजा. जागा किंवा वेळ बदलली तर नोंदीत तसं लिहा, नाहीतर दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.